शामराव गुडध्यांचा डावा पंख

शामराव गुडध्यांबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझ्याकडूनही कुणी ती अपेक्षा करू नये. पाच-सहा वर्षं आमचा संबंध आला आणि तेवढ्या काळात आम्ही एकमेकांशी सरळ बोललो असं एकदाही झालं नाही. मी त्यांना उद्धट म्हणायचो, ते मला त्याहून वाईट काहीतरी म्हणायचे, आणि दोघांनाही आपापलं म्हणणं अगदी मनापासून खरं वाटायचं.

नागपूरच्या लकडगंजात त्यांची आरामशीन होती. सागवानाचे ओंडके, करवतीचा कर्कश आवाज, घोटाभर भुसा आणि या सगळ्याच्या मधोमध लोखंडी खुर्चीवर बसलेले शामराव. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, डाव्या हाताची करंगळी मशीननं कधीकाळी नेलेली. गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा. आलेल्या गिऱ्हाइकाला ते 'काय पाहिजे' असं विचारत नसत. 'काहून आला?' असं विचारत. गिऱ्हाईक लाकडाचा भाव करायला लागलं की ते सरळ दुसरीकडे तोंड फिरवायचे. तरीही दुकान चालायचं, कारण त्यांच्याकडचं लाकूड कधी वाकत नसे आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

याच आरामशीनच्या मागे, टिनाच्या एका शेडमध्ये, हा माणूस विमान बांधत होता.

एका माणसाचं, लाकडी सांगाड्याचं, कापड चढवलेल्या पंखांचं लहानसं विमान. नकाशे परदेशातून मागवलेले, इंजिन लिलावात घेतलेल्या एका मोडक्या विमानाचं. विमान चालवायला ते सोनेगावच्या आमच्या क्लबमध्ये शिकले होते आणि वैमानिकाचा परवाना त्यांच्याजवळ होता. मी त्या क्लबात विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर. घरी बांधलेल्या विमानाला उडायची परवानगी हवी असेल, तर बांधकामाचा प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी लायसन्स असलेल्या इंजिनिअरनं डोळ्यांनी पाहून सही करायची, आणि सगळं झाल्यावर मुंबईहून खात्याचा निरीक्षक येऊन शेवटची तपासणी करणार, अशी पद्धत होती. तसं लायसन्स असलेला त्यांच्या हाताशी मी एकटाच होतो. एकमेकांना टाळायची सोय आम्हाला नव्हती.

पहिल्या दिवशी ते हँगरमध्ये आले, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तू सही करतो म्हणे. लाकडाची अक्कल हाये का तुले?"

मी म्हटलं, लाकडाची तुमच्याइतकी नसेल, पण विमानाची आहे. त्या एका वाक्यानं जे बिघडलं ते बिघडलं. माझं नाव त्यांनी त्यानंतर कधी घेतलं नाही. कामगारांजवळ माझा उल्लेख 'सहीवाला' असा व्हायचा.

दर रविवारी सकाळी मी सायकलनं लकडगंजला जायचो. आरामशीनभर भुसा उडत असला तरी मागच्या शेडमध्ये त्याचा कण दिसायचा नाही. चपला बाहेर काढायच्या, दाराशी ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे, पुसायचे, मग आत. शामराव स्वतः आत जाताना खर्रा थुंकून, चूळ भरून जायचे. मी काम बघत असताना त्यांच्यासाठी घरातून चहा यायचा. एकच कप. तो ते माझ्यासमोर, फुर्र आवाज करत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. इतक्या वर्षांत दुसरा कप आला नाही.

विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं हे मी एकदा विचारलं होतं. "तुह्या सहीचा अन् त्याचा काय संबंध?" म्हणाले. परत विचारायच्या फंदात मी पडलो नाही.

लाकडाचे सांधे खास सरसानं चिकटवायचे असतात. दर वेळी सरस कालवला की त्यातलाच थोडा घेऊन दोन फळकुटं जोडायची, वाळली की मोडून पाहायची. लाकूड फाटलं आणि सांधा टिकला तर सरस चांगला. हे मी सांगितलं तेव्हा शामरावांना तो अपमान वाटला. पुढच्या रविवारी त्यांनी एक जोडलेला तुकडा माझ्यापुढे टाकला आणि "तोड" म्हणाले. मी हातानं प्रयत्न केला, तो हलला नाही. शेवटी शिकंज्यात धरून हातोडा घातला तेव्हा लाकूड उभं फाटलं, सांधा मात्र शाबूत. मी सही केली. ते कामगारांकडे वळून म्हणाले, "याले आज भूक लागन, मेहनत केली त्यानं." सगळे हसले. मीही हसायला हवं होतं बहुतेक, पण मला ते जमलं नाही.

एकदा मात्र मी त्यांना पकडलं. पंखाचा कणा असतो, त्याला स्पार म्हणतात. सगळा भार त्याच्यावर. त्यांनी तो महिनाभर खपून रंधला होता, आरशासारखा गुळगुळीत. मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर एका जागी लाकडाच्या रेषा तिरप्या होऊन काठाबाहेर जात होत्या. तिथं तो मोडू शकला असता. मी तसं म्हणालो. शामरावांनी कामगारांसमोर माझे आईबाप काढले. मला रंध्यातलं आणि वरवंट्यातलं अंतर समजत नाही म्हणाले, आणि शेडबाहेर काढलं. मी सही न करता घरी आलो.

पुढच्या रविवारी गेलो तर शेडमध्ये नवा कोरा स्पार. जुन्याचे हातभर तुकडे करून त्यांनी बाहेर पाण्याच्या टाकीखाली ठोकळे म्हणून घातले होते. मी त्या तुकड्यांकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं. "वाळवी होती त्यात," म्हणाले. विमानाच्या त्या लाकडाला वाळवी लागली असती तर नागपुरातलं एकही घर उभं राहिलं नसतं. पण चूक मान्य करण्यापेक्षा महिनाभराचं काम करवतीखाली घालणं त्यांना सोपं गेलं. हा त्यांचा स्वभाव मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. चूक दाखवणाऱ्याचा ते मनापासून द्वेष करायचे आणि चूक मात्र ठेवायचे नाहीत.

आमचं खरं वैर झालं ते डाव्या पंखावरून.

पंखाच्या पुढच्या भागावर पातळ प्लायवूड चिकटवून तो बंद करायचा असतो. एकदा बंद झाला की आतले सांधे कुणालाच दिसत नाहीत. उजवा पंख मी पाहिला होता, सही झाली होती. डाव्याच्या वेळी माझ्या मेहुणीचं लग्न निघालं. मी रामटेकला चाललो होतो. जाताना शामरावांना सांगून गेलो की मी परत येईपर्यंत पंख बंद करू नका. ते रंधा मारत राहिले. परत येऊन पाहतो तर पंख बंद, वर कापडही चढवलेलं.

"सरस कालवला होता," म्हणाले. "तो काय तुह्या लग्नासाठी थांबणार होता?"

मी म्हटलं, मी आत पाहिलेलं नाही, मी सही करणार नाही. पंख उघडा.

तिथून पुढे जे सुरू झालं त्यात माझं वर्ष गेलं. क्लबातल्या ओळखीच्या माणसांकडून निरोप आले. एका पुढाऱ्याचा माणूस आला आणि 'आपल्या गावचं विमान आहे, अडवू नका' असं सांगून गेला. मी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांना नाही म्हटलं. शेवटी एका दुपारी शामराव स्वतः खामल्याला माझ्या घरासमोर येऊन उभे राहिले आणि फाटकाबाहेरून मोठ्या आवाजात बोलायला लागले. मी जळतो, मला स्वतःला काही बांधता येत नाही म्हणून दुसऱ्याचं अडवतो, मी सही विकायला बसलो आहे. आजूबाजूची माणसं दारात आली. ऊन भयंकर होतं. माझी बायको सुमन तांब्याभर पाणी घेऊन फाटकाशी गेली. त्यांनी तांब्या घेतला, वरून पाणी प्यायले, तांब्या परत दिला, तोंड पुसलं आणि जिथं थांबले होते तिथून पुढे बोलायला लागले. सुमन आत आली. "हा माणूस नक्की विमान उडवणार," एवढंच म्हणाली.

बोलता बोलता त्यांचा आवाज बसला आणि ते गेले. मी बाहेर पडलो नाही. बाहेर पडलो असतो तर हात उचलला असता.

मे महिन्यात मुंबईहून दातार साहेब आले. खात्याचे निरीक्षक, उंच, हळू बोलणारे. त्यांनी दिवसभर विमान पाहिलं. आरशाचा तुकडा घालून कोपरे पाहिले, प्रत्येक बोल्ट हातानं चाचपला. संध्याकाळी म्हणाले, काम असं क्वचित बघायला मिळतं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, डाव्या पंखाची सही?

मी म्हटलं, नाही केली. बंद झाल्यावर दाखवला.

शामराव म्हणाले, उघडत नाही. हवं तर वजन टाकून पाहा. रेतीची पोती त्यांनी आधीच भरून ठेवलेली होती. विमान उलटं करून पंखांवर पोती रचायची आणि उडताना येतो तेवढा भार पेलतो का हे बघायचं, अशी ती चाचणी असते. विमान उलटं करून ठेवलं आणि हमालांनी पोती उचलली. तेवढ्यात शामराव खाली वाकले, डाव्या पंखाखाली सतरंजी पसरली आणि तिच्यावर उताणे झोपले.

"आता टाका," म्हणाले.

हमाल थांबले. दातार साहेबांनी त्यांना उठायला सांगितलं. ते उठले नाहीत. पंख मोडला तर आधी मी मरन, मग तुम्ही तुमचा कागद लिहा, म्हणाले. दातार साहेब तिथंच स्टूल घेऊन बसले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. टिनाच्या शेडमध्ये मेच्या उन्हात आम्ही सगळे घामानं निथळत होतो. खाली झोपलेला माणूस छताकडे बघत होता. मला त्याची कीव आली नाही, हे मी सांगून टाकतो. मला एवढंच वाटत होतं की आता याला उठावं लागेल.

शेवटी ते उठले. पोती चढली. पंख वाकले, सांध्यांतून बारीक आवाज आले, पण काही मोडलं नाही. शामराव माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं?"

दातार साहेबांनी चष्मा पुसला. "गुडधे, पंख आज भार पेलतो हे मी पाहिलं," ते म्हणाले. "आतला एखादा सांधा कोरडा राहिला असेल तर तो दोन पावसाळ्यांनी सुटेल. त्या वेळी तुम्ही हवेत असाल. पंख उघडा."

शामरावांनी पटाशी घेतली. कामगाराला हात लावू दिला नाही. आधी कापड फाडलं, मग प्लायवूड, एकेक पट्टी, मूल झोपलंय आणि जागं करायचं नाही अशा हातानं. त्यांच्या पत्नी शांताबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या घराबाहेर क्वचितच दिसायच्या.

पंख उघडला. मी बॅटरी घेऊन वाकलो.

आत एकही दोष नव्हता. प्रत्येक सांध्यातून सरसाची सारखी, बारीक कड बाहेर आलेली. प्रत्येक फासळीला वार्निश. कुणाला कधी दिसणार नव्हत्या त्या जागाही पॉलिश पेपरनं घासलेल्या. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, परत पाहिलं. मला काहीतरी सापडायला हवं होतं. एवढ्या शिव्या खाऊन, एवढ्या लोकांना नाही म्हणून, मला तिथं एक कोरडा सांधा हवा होता. तो नव्हता.

"सापडलं?" शामरावांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि सही केली.

त्यांनी पटाशी पुसून जागेवर ठेवली आणि शेडबाहेर गेले. विजयाचं एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंख लगेच बंद करणं शक्य नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता. दमट हवेत सरस नीट धरत नाही आणि कापडाला ताणण्यासाठी जे रसायन लावतात ते पांढरं पडतं. दसरा होईपर्यंत थांबणं भाग होतं. ते थांबले. दिवाळीच्या सुमारास पंख बंद झाला, या वेळी माझ्या डोळ्यांदेखत. काम पुन्हा तसंच चोख. चहा पुन्हा एकच.

त्याच दिवसांत त्यांच्या वैमानिक परवान्याची वार्षिक तपासणी आली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, दुसऱ्यांदा काढला आणि सांगितलं की हृदयाचे ठोके चुकतात. विमान चालवता येणार नाही. या वर्षी नाही, पुढेही नाही. मागच्या वर्षीची तपासणी साफ होती. म्हणजे विमान उन्हाळ्यात पास झालं असतं, तर पहिलं उड्डाण त्यांचंच होतं.

हे मला त्यांनीच येऊन सांगितलं. हँगरच्या दारात उभे राहून, आत न येता.

"झालं तुह्या मनासारखं," म्हणाले.

पंख उघडायला लावला नसता तर हा माणूस स्वतःच्या विमानात बसला असता. आणि मी आत पाहिलेलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आज कुणी तसाच बंद पंख पुढे ठेवला तर मी आजही सही करणार नाही. पण हे उत्तर त्या दारात देण्यासारखं नव्हतं. ते वळले आणि निघून गेले.

पहिलं उड्डाण क्लबचे प्रशिक्षक मेश्राम करणार असं ठरलं. शामरावांना विमान चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. शामराव ज्याला 'तुम्ही' म्हणायचे असा क्लबातला तो एकमेव माणूस. मेश्रामांनी बरेच दिवस विमान नुसतं धावपट्टीवर पळवलं, ब्रेक पाहिले, शेपूट उचलून पाहिली. शामराव प्रत्येक वेळी हजर. बोलायचे फक्त मेश्रामांशी.

जानेवारीतल्या एका सकाळी उड्डाण झालं. थंडी होती, वारा अजिबात नव्हता. शामराव धुतलेला पांढरा शर्ट घालून आले होते. शांताबाई पेढ्यांचा पुडा घेऊन जीपमध्ये बसल्या होत्या. विमानाच्या नाकावरचा पंखा शामरावांनीच हातानं फिरवला. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मेश्रामांनी हात हलवला, विमान पट्टीवर गेलं, पळालं आणि उचललं गेलं.

आम्ही सगळे वर बघत होतो. मी मध्येच शामरावांकडे पाहिलं. ते वर बघत नव्हते. मान खाली घालून, डोळे मिटून, नुसता इंजिनचा आवाज ऐकत होते. विमान वळलं की तेही त्या बाजूला किंचित वळत. विमानतळाभोवती काही फेऱ्या मारून मेश्राम उतरले, इतके अलगद की धूळही उडाली नाही.

मेश्राम खाली आले आणि त्यांनी शामरावांचा हात दोन्ही हातांत धरला. फार सुरेख आहे म्हणाले. फक्त डावा पंख जरा जड लागतो. सोडलं की डावीकडे कलतं. चालवायची काडी थोडीशी उजवीकडे धरून ठेवावी लागते, बस.

शामरावांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांसमोर, शांतपणे. "याचं काम आहे ते. उघडला नसता त जड नसता झाला."

खरं असेलही. पुन्हा चढवलेलं प्लाय, पुन्हा लावलेला सरस, रंगाचा जास्तीचा हात. मी वाद घातला नाही. पंखाच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी लावून वाकवली की ते दुरुस्त होण्यासारखं होतं, आणि पुढे आम्ही ते केलंही.

मग पेढे वाटले गेले. शामरावांनी स्वतः वाटले. मेश्रामांना, क्लबच्या शिपायाला, चौकीदाराला, पेट्रोल भरणाऱ्याला, तमाशा बघायला आलेल्या अनोळखी लोकांना. माझ्यासमोर आले, आणि माझ्या शेजारच्या माणसाच्या हातावर पेढा ठेवून पुढे गेले. विसरून नव्हे. माझ्याकडे नीट बघून.

थोड्या वेळानं शांताबाई माझ्याजवळ आल्या. पदराआडून त्यांनी एक पेढा पुढे केला. "घ्या भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही अडवलं म्हणून हे जमिनीवर रायले. वर जाऊन छातीत काही झालं असतं त मी काय केलं असतं? तुमच्यामुळं जिवंत हायेत."

मी पेढा घेतला. वहिनी, असं बोलू नका, म्हणालो. त्या हसल्या आणि परत जीपकडे गेल्या. शामरावांच्या शिव्या मला पचल्या होत्या. हे आभार मात्र पचले नाहीत. मी त्यांना वाचवायला काहीच केलं नव्हतं.

परवान्यासाठी लागणारे चाचणीचे उरलेले तास मेश्रामांनी उडवून पुरे केले आणि त्याच वर्षी विमानाला परवाना मिळाला. शामराव पहिल्या उड्डाणानंतर क्लबकडे फिरकले नाहीत. दोन पावसाळ्यांनंतर ते आरामशीनवरच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मी अंत्ययात्रेला गेलो नाही. गेलेलं त्यांना आवडलं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पहिल्या उड्डाणाच्या दिवशीच. दुपारी सगळी मंडळी पांगली, शांताबाई जीपनं घरी गेल्या. विमान आम्ही हँगरमध्ये ढकललं. शांताबाईंना 'मी येतो मागून' सांगून थांबलेले शामराव विमानात चढून बसले. मी माझं काम करत राहिलो. एका विमानाचं तेल बदलायचं होतं. दिवे लागायची वेळ झाली तरी ते उतरले नव्हते. हँगर बंद करायची जबाबदारी माझी. मी जवळ जाऊन म्हटलं, "शामरावजी, दार लावायचं आहे."

"लाव," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, जागचे न हलता.

मी एक दार ओढलं. दुसरं तसंच उघडं ठेवलं, चौकीदाराला सांगितलं की साहेब निघाले की तू लाव, आणि सायकल काढली. फाटकाशी येऊन मागे वळून पाहिलं. आत उजेड जेमतेम उरला होता. विमानाची आकृती तेवढी दिसत होती, आणि पंखांच्या टोकांशी असलेल्या, काडीनं हलणाऱ्या, विमान कलतं करणाऱ्या दोन झडपा. त्या हलत होत्या. डावीकडची वर, उजवीकडची खाली. मग उलट. मग दोन्ही सपाट. काही क्षण तशाच राहिल्या. मग डावीकडची अगदी किंचित खाली आली, उजवीकडची तेवढीच वर गेली, काडी थोडीशी उजवीकडे धरल्यावर जातात तशा, आणि तिथंच थांबल्या. मी बराच वेळ बघत उभा होतो. त्या पुन्हा हलल्या नाहीत. जड पंखाचं ते विमान शामरावांनी सरळ धरून ठेवलं होतं.